पेरांवरची पाऊणकी

वेळापत्रक भिंतीवर लागून एकवीस दिवस झाले होते आणि त्यातले बावीस दिवस, सावित्रीच्या म्हणण्याप्रमाणे, बाळा दुपारचा घरात नव्हता.

वेळापत्रक दमयंतीनेच केलं होतं. तिच्या नवऱ्याने, शिवरामने, बसऱ्याहून पाठवलेल्या आगबोटीच्या कॅलेंडराची पाठ कोरी होती. तिच्यावर रूळ धरून, रेघा मारून, दोन शाईंनी लिहिलेलं आणि भाताच्या खळीने माजघराच्या दाराशेजारी चिकटवलेलं. सात ते आठ पाढे. आठ ते नऊ शुद्धलेखन. न्याहारीनंतर वाचन. दुपारी जेवण झालं की हिशेब, चार वाजेपर्यंत. पहिल्या दिवशी आप्पांनी ते खालून वर न्याहाळलं. अक्षरओळख त्यांची सहीपुरती. ते एवढंच म्हणाले, "रेघा सरळ आल्यात हो सूनबाई." आणि काठी उचलून खाडीकडे चालू पडले.

दमयंतीला त्या दिवशी ते कौतुक वाटलं होतं. आता वाटत नव्हतं.

मास्तरांचे शब्द तिच्या डोक्यातून जात नव्हते. मराठी चौथीच्या निकालाच्या दिवशी ती स्वतः शहरात शाळेपर्यंत गेली होती, सोमेश्वरहून उन्हातान्हाची. बाईमाणूस शाळेच्या पायरीवर आलेलं पाहून मास्तर उठून उभे राहिले होते. "मुलगा हुशार आहे," ते म्हणाले, "पण तोंडी हिशेबात गप्प बसतो. पाऊणकी विचारली की भिंत. सुट्टीत तयार करा. जूनच्या दहाला पुन्हा घेतो. तेव्हाही असंच झालं तर वर्ष गेलं समजा."

कॉलेजात दोन वर्षं काढलेली बाई आणि तिच्या मुलाला पाऊणकी, पाऊणचा साधा पाढा, येत नाही. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, म्हणून तर ते जास्त लागलं.

आणि मग वैशाखी पौर्णिमेला रावजीभाऊजी, सावित्रीचे यजमान, मुंबईहून आले. आठ दिवसांच्या रजेवर. शनिवारी परत. त्यानंतर पावसाळ्यासाठी बोटी बंद, समुद्र शांत होईपर्यंत येणं नाही नि जाणं नाही. आल्या दुपारीच त्यांना सगळं कळलं. संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं, "पोराला मी नेतो. गोदीजवळ एक मास्तर आहेत, छडी बाळगून असतात. शिवाचं पत्र आहेच."

शिवरामचं पत्र होतंच. आगबोटीवरच्या माणसाचं पत्र, दोन महिने उशिरा येणारं. त्यात एक ओळ होती: दादा म्हणेल तसं करा.

*

"गो दमयंती, तुझं लक्ष कुठे आहे? बिया इकडे, साली तिकडे," सावित्री म्हणाली.

दोघी जावा मागच्या पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. सावित्रीचे हात मनगटापर्यंत लाल झाले होते. आमसुलांचं वाळवण तिचंच खातं. रातांबा अंगठ्याने फुटायचा, बिया एका झटक्यात रोवळीत पडायच्या आणि साल सुपात. ती बघतही नसे. चौदा वर्षांपूर्वी ती या घरात आली. त्यातले चौदा मे महिने आणि फारतर तेवढेच शिमगे नवऱ्याचं तोंड पाहिलेलं. मूल नाही. गावातल्या बायका म्हणायच्या, तिची कूस उजवली नाही. दमयंतीला त्यावर जे म्हणायचं असायचं ते चारचौघात बोलण्यासारखं नव्हतं.

"वहिनी, आज जेवणं झाली की भाऊजी सगळ्यांना ओटीवर बसवणार आहेत."

"ठाऊक आहे."

"ते त्याची परीक्षा घेणार. तो अडणार. मग..."

"मग नेतील." सावित्रीने एक रातांबा फोडला. "नेलं म्हणून काय होतं? शिकेल तिथे. खोली घेऊ म्हणालेत. इतकी वर्षं गाळ्यात आठ जणांत पथारी टाकतात. पोर बरोबर असलं तर खोली लागणारच, आणि खोली असली की चूल पेटवायला कुणीतरी..." ती थांबली. दुसरा रातांबा उचलला. "मी आपलं सांगितलं."

दमयंतीने मान वर केली. कोठीच्या दारात सकाळी तिने एक गाठोडं पाहिलं होतं, सुकटीची पुरचुंडी, आमसुलांचा डबा आणि वर घडी केलेलं जांभळं लुगडं. बाळासाठी जांभळं लुगडं कोण बांधणार? तिने तेव्हाच ओळखलं होतं आणि ओळखलं म्हणून तिला स्वतःचाच राग आला होता. सगळं दिसतं हा तिचा शापच होता. घरात कोण कुठे किती वाजता होतं, ते तिला न बघता कळायचं.

बाळाचंही तसंच. रावजीभाऊजी आल्यापासून तिने तो वेळापत्रकातून पळाल्यावर किती वाजता परत येतो ते कॅलेंडराच्या कडेला लिहायला सुरुवात केली होती. ओटीवर शिवरामने आणलेलं घड्याळ होतं. चिखलाने भरलेले पाय पायरीवर दिसले की ती घड्याळ बघायची आणि पेन्सिलीने टिपायची. म्हटलं, उद्या कुणी म्हणायला नको की आईला पत्ताच नव्हता.

मंगळवारी ती त्याच्यामागून गेलीही होती. कळकाच्या बेटाआडून पाहिलं. खाडीच्या काठी जांभ्याच्या पायऱ्या आहेत, आप्पांच्या बापाने घातलेल्या. वरच्या पायरीवर आप्पा बसलेले, शेजारी बाळा. दोघं पाण्याकडे बघत. अर्धा तास. एक शब्द नाही. सत्तरी उलटलेला म्हातारा, एकेकाळी शिडाची फत्तेमारी घेऊन कालिकतपासून कराचीपर्यंत गेलेला तांडेल, आणि दहा वर्षांचं पोर, दोघांना काही उद्योग नसल्यासारखे. तिने हाक मारली नाही. सासऱ्यांसमोर काय बोलणार? ती तशीच परत आली आणि पेन्सिलीने लिहिलं: तीन.

*

ओटीवर चटया टाकल्या होत्या. रावजीभाऊजी भिंतीला टेकून, पान जमवून बसले होते. आप्पा झोपाळ्यावर, पण झोपाळा हलत नव्हता. सावित्री आणि दमयंती माजघराच्या उंबऱ्याच्या आत. बाळा मधोमध उभा, हात मागे.

हात मागे हे दमयंतीने शिकवलेलं. बोटं मोजायची नाहीत; मास्तर बोटं मोजणाऱ्याला आधीच नापास धरतात.

"पाऊणकी म्हण," रावजीभाऊजी म्हणाले.

"एका पाऊण पाऊण. बे पाऊणे दीड. तीन पाऊणे सव्वादोन. चार पाऊणे तीन. पाच पाऊणे पावणेचार." इथवर गाडी चालली. "सहा पाऊणे..."

"हं."

"सहा पाऊणे साडेचार. सात पाऊणे..."

ओटीवर कुणी हललं नाही. बाळाचे खांदे हलत होते. पाठीमागे त्याचा अंगठा बोटांवरून सरकत होता; उंबऱ्याच्या आतून दमयंतीला ते स्पष्ट दिसत होतं.

"बोटं मोजतोस?" रावजीभाऊजींना ते खांद्यांवरून कळलं. "हात बाजूला सोड. सरळ उभा राहा."

हात बाजूला सुटले. बाळा भिंत झाला.

रावजीभाऊजींनी पान तोंडात टाकलं. ते काही दुष्ट नव्हते. चौदा वर्षं रोज गोदीत पेट्यांवरची नावं वाचून ज्याने गावच्या घरावर कौलं चढवली, तो माणूस या घरात कुणीही पेट्या उचलायला जाऊ नये एवढंच मागत होता. "आप्पा, मी काय खोटं बोललो? एकवीस दिवस झाले. शिकलेली आई घरात. पाटी आहे, वेळापत्रक आहे. सातवर पोरगं उभंच्या उभं राहतं. दमयंतीने वेळा टिपल्यात म्हणे ना? ते आणा बघू."

सावित्रीने दमयंतीकडे पाहिलं. दमयंती उठली. कॅलेंडर खळीने चांगलंच बसलं होतं. ती खालची कड जपून सोडवायला लागली आणि ती फाटली. फाटलेला तुकडाच तिने सावित्रीच्या हातात दिला, सावित्रीने पुढे सरकवला.

रावजीभाऊजींनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं.

"शनिवार, पाऊण. रविवार, दीड. सोमवार, सव्वादोन. मंगळवार, तीन. बुधवार, पावणेचार." त्यांनी चष्मा काढला. "रोज पहिल्यापेक्षा उशिरा. उद्या अंधार पडेपर्यंत बाहेर राहील, आणि आपण म्हणायचं सुट्टी आहे."

दमयंती उंबऱ्यावर उभीच होती. ते ऐकताना तिच्या अंगावरून काहीतरी सरकून गेलं. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार. हेच तर आत्ता बाळाने म्हटलं होतं. भाऊजींच्या तोंडून, तिच्याच हस्ताक्षरातून, तिने पाच दिवस गोळा केलेल्या गुन्ह्यांमधून पाऊणकी बाहेर येत होती आणि घरात कुणालाच ती ऐकू येत नव्हती.

तिने झोपाळ्याकडे पाहिलं. आप्पा तिच्याकडेच बघत होते. पापणीही न हलवता. त्यांना ऐकू आली होती.

ओटीवर, थोरल्या दिरासमोर, दमयंती अशी कधी बोललेली नव्हती. पदर सावरून ती उंबऱ्याबाहेर आली.

"बाळा, आज तू कितीला घरी येणार होतास?"

"साडेचारला."

"कशावरून?"

बाळाने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. आप्पांनी मदत केली नाही. "आज षष्ठी ना," तो म्हणाला.

"हात पुढे घे," दमयंती म्हणाली. "कसं ते दाखव काकांना."

"पण तू म्हणालीस बोटं..."

"मी म्हणाले होते. मी चुकले. दाखव."

बाळाने उजवा हात पुढे केला. सुरुवातीला बिचकत, मग सराईतासारखा. "एक तिथी म्हणजे एक बोट. बोटाला तीन पेरं. सहावी आहे तर सहा बोटं, अठरा पेरं. चार पेरांचा एक तास. चार, आठ, बारा, सोळा. चार तास झाले, दोन पेरं उरली, अर्धा तास. साडेचार. साडेचारला खाडी भरते." अंगठा पेरांवरून असा चालत होता की जपमाळच. "भरली की आम्ही उठतो. मग मी घरी येतो. म्हणून रोज उशीर होतो."

"आणि सातवी?" दमयंतीने विचारलं. तिचा आवाज तिलाच ओळखू येत नव्हता.

"एकवीस पेरं. पाच तास, एक पेर. सव्वापाच."

"सात पाऊणे?"

बाळाने अंगठा थांबवला. डोळे बारीक केले. मग त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते दमयंतीने आयुष्यभर जपून ठेवलं. "तेच आहे?" तो म्हणाला. "पाऊणकी म्हणजे हेच आहे?"

आप्पांचा झोपाळा पहिल्यांदा हलला. "हात मागे घेतले तरी पेरं हाताबरोबरच जातात हो," ते म्हणाले. "मास्तराला काय दिसणार आहे?"

*

रावजीभाऊजी मात्र विरघळले नाहीत. म्हाताऱ्याने पढवलं, पोराने म्हटलं. यात परीक्षा कुठली? ते उठून पेटीशी गेले आणि तिकडूनच बोलले, "ते असू दे. गंगाराम होडीवाल्याला निरोप धाडा. शनिवारी जेवून अकराला निघायचं, बाळाची तयारी करा. होडी पायरीला लावायला सांगा. आलो तसाच जाईन."

"काका, शनिवारी अकराला पायरीला होडी नाही लागणार," बाळा म्हणाला.

"का म्हणून? आलो तेव्हा सव्वाअकराला थेट पायरीवर उतरलो की."

"तेव्हा पौर्णिमा होती. शनिवारी अष्टमी. सकाळी सहाला भरती, दुपारी बाराला सगळा चिखल. तुम्हाला गुडघाभर चिखलातून पेटी डोक्यावर घेऊन चालावं लागेल."

तांडेलाचा थोरला मुलगा, ज्याने बापाच्या फत्तेमारीवर शीड ओढलं होतं, आपल्या घराखालची खाडी घड्याळाने मोजत होता. चौदा वर्षं गोदीच्या भोंग्यावर जागणाऱ्या माणसाकडूनच अशी चूक व्हायची. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण तेही तांडेलाचंच पोर. हरले असं दिसलं की नवा डाव मांडायचे.

"बरं," त्यांनी बंडीतून घड्याळ काढलं. "आज साडेचार म्हणतोस ना? चला खाली. पाचाला भरली तर माझं ऐकायचं. सगळ्यांनी."

"आणि साडेचारला भरली तर?" हे सावित्रीने विचारलं. दमयंतीने चमकून पाहिलं. नवऱ्याला चारचौघांत प्रश्न विचारणारी सावित्री तिने पाहिली नव्हती.

"तर बघू," रावजीभाऊजी म्हणाले.

सगळे खाली उतरले. चार वाजून गेले होते. ऊन तिरकं होऊन माडांच्या सावल्या खाडीत पडल्या होत्या. पाणी वरून चौथ्या पायरीवर होतं आणि आवाज न करता वर चढत होतं. बाळाने नारळाचं एक सोडण, सोललेली वाळकी साल, उचललं आणि हात लांब करून पाण्यावर सोडलं. ते हळूहळू वर, सोमेश्वराच्या देवळाच्या दिशेने निघालं.

"हे कशाला?" रावजीभाऊजींनी विचारलं.

"वर जातंय तोवर भरती," बाळा म्हणाला. "थांबलं की भरली. फिरलं की ओहोटी."

"हे कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आप्पा सांगतच नाहीत काही. मी विचारलं की म्हणतात, बस, पाणी सांगेल."

दमयंतीने सासऱ्यांकडे पाहिलं. ते वरच्या पायरीवर काठीवर हनुवटी टेकून बसले होते, जसे मंगळवारी बसले होते. तिला तो अर्धा तास आठवला, एक शब्द न बोललेला. तिने त्याला आळस म्हटलं होतं. तिच्या कॉलेजातल्या गणिताच्या प्रोफेसरांना फळा भरभरून लिहायची सवय होती. उत्तर यायच्या आत ते स्वतःच उत्तर द्यायचे. तीही तशीच शिकवायची. बाळा अडला की तिच्या तोंडून पुढचं निघून जायचं, कारण त्याचं अडणं तिला बघवायचं नाही. आणि हा माणूस, ज्याला आपलं नाव सोडून काही लिहिता येत नाही, तो नातवाचं अडणं बघत अर्धा अर्धा तास बसू शकत होता. असलं धैर्य कुठून आणायचं?

"चार पंचवीस," रावजीभाऊजी म्हणाले.

सोडण अजून वर सरकत होतं. पण चाल मंद झाली होती. पाण्याला कुणाची परीक्षा आहे, कुणाचं पोर जाणार आहे, याची काही फिकीर नव्हती. वारा आला तर? मोजताना एखादं पेर चुकलं असेल तर?

"चार अठ्ठावीस."

सोडण थांबल्यासारखं झालं. पुन्हा जरासं सरकलं. सावित्री दमयंतीला खेटून उभी होती. तिने लाल हाताने दमयंतीचा हात धरला. कुणाच्या बाजूने धरला हे दोघींनाही सांगता आलं नसतं.

"साडेचार," रावजीभाऊजी म्हणाले.

सोडण पाण्यावर उभं होतं. सावलीही हलत नव्हती. खाडीभर एकदम असं वाटलं की कुणीतरी श्वास घेऊन धरून ठेवला आहे. मग पाच-सात मिनिटांनी, इतक्या हळू की आधी डोळ्यांना पटेना, सोडण फिरलं आणि समुद्राकडे निघालं.

बाळा हसला नाही, उड्या मारल्या नाहीत. आजोबांकडे वळून त्याने फक्त विचारलं, "उठायचं?"

*

रावजीभाऊजींनी घड्याळ बंडीत टाकलं आणि बाळाला एकदम काखेत उचललं. मोठ्या माणसासारखं रागावून बसायला ते कधी शिकले नव्हते. "मेल्या, आता तर तुला नेलंच पाहिजे. असं डोकं इथे खाडीत घालवायचं? मुंबईत चांगली शाळा बघतो तुझ्यासाठी. आप्पा, तुम्ही काय म्हणता?"

दमयंती एक पायरी पुढे आली. हरलं तरी नेणार, जिंकलं तरी नेणार.

आप्पांच्या आधीच बोलली सावित्री.

"तिथे त्याला तिथी कोण विचारणार?"

"काय?"

"म्हटलं, तिथे त्याला तिथी कोण विचारणार? चाळीत पाणी नळाला येतं. नळाला पाणी कितीला येतं तेवढंच मोजेल तो." तिचा आवाज हलका होता, पण थांबत नव्हता. "मास्तर छडी घेऊन बसणार, हा हात मागे बांधून उभा राहणार. इथे आजा आहे, आई आहे. दोघं दोन बाजूंनी ओढतात म्हणून बिचाऱ्याला मधलं काही दिसत नव्हतं. आज दिसलं. आता तोडू नका."

"अगो पण तूच तर म्हणत होतीस..."

"म्हणत होते." सावित्रीने लाल हात पदराला पुसले. लाली काही निघाली नाही. "माझं माझ्यासाठी होतं ते. त्याच्यासाठी नव्हतं."

ती एवढं बोलून पायऱ्या चढायला लागली. तिची पाठ ताठ होती. दमयंतीला कोठीतलं गाठोडं दिसलं, वरचं जांभळं लुगडं दिसलं. चौदा वर्षांत या बाईने एक गोष्ट मागितली होती, तीही उघड नाही, आणि ती हातात आलेली असताना दुसऱ्याच्या पोरासाठी सोडून दिली होती. दोन वर्षं कॉलेजात काढून दमयंतीने मोठमोठ्या लोकांच्या त्यागावर निबंध लिहिले होते. त्यातलं कुणी रातांबे फोडत नव्हतं.

"वहिनी, थांबा," ती म्हणाली. मग भाऊजींकडे नाही, आप्पांकडे वळून म्हणाली, "मामंजी, बाळा राहतो. पण शनिवारी वहिनींनी जावं. पावसाळा मी काढेन. तुमचं, घराचं, वाळवणाचं मी बघेन. त्यांनी मला तेवढं शिकवलंय."

"दमयंती, खोली..." रावजीभाऊजी म्हणाले. "पोर बरोबर असतं तर गोष्ट वेगळी. एकट्या बाईला तिथे ठेवून मी दिवसभर गोदीत..."

आप्पा काठीवर जोर देऊन उठले. त्यांना उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे उभे राहिले.

"पोर असलं तर खोली घ्यायची," ते म्हणाले, "आणि बायको असली तर नाय. रावजी, हे गणित मला कुणी शिकवलं नाय. तुला कुणी शिकवलं?"

रावजीभाऊजींनी मान खाली घातली. पाण्याची खूण दुसऱ्या पायरीवर ओली राहिली होती. ते त्या खुणेकडे बघत राहिले. "घेईन," ते शेवटी म्हणाले. "माझगावात एक आहे. लहान आहे."

"लहान असली तर लवकर झाडून होते," आप्पा म्हणाले. सावित्री पायऱ्यांवर वळली नाही, पण थांबली मात्र होती.

*

शनिवारी सकाळी सहाला खाडी काठोकाठ होती. गंगारामने होडी वरच्या पायरीला लावली. पाय ओला न करता सावित्री चढली. जांभळं लुगडं, मांडीवर आमसुलांचा डबा. रावजीभाऊजी पुढे, पेटीवर बसलेले, उगाच गंगारामला सूचना देत.

शुक्रवारी संध्याकाळी दमयंतीने कॅलेंडर उतरवून नवं वेळापत्रक केलं होतं. पाटीवर, कारण ते रोज पुसावं लागणार होतं. त्यात तास नव्हते, तिथ्या होत्या. भरतीच्या आधी हिशेब, आजोबांजवळ, भरतीनंतर शुद्धलेखन, आईजवळ. जूनच्या दहाला अजून तेरा दिवस होते. बाळा सातला अजून किंचित अडखळायचा. तो अडखळला की दमयंती आता ओठ मिटून बसायची आणि हे तिला पाण्याखाली श्वास धरण्याइतकं कठीण जायचं.

"वहिनी, कधी याल?" तिने विचारलं.

"दसऱ्याला." होडी सुटली होती. गंगारामने वल्हं टेकवलं. सावित्रीने डब्यावरचा उजवा हात उचलला. रातांब्यांची लाली अजून बोटांवर होती. तिचा अंगठा करंगळीच्या बुडाशी गेला, वर चढला, दुसऱ्या बोटावर गेला. ओठ हलत होते. दमयंतीला आधी वाटलं, ती देवाचं नाव घेते आहे.

मग सावित्रीने वर पाहिलं.

"दसऱ्याला सकाळी साडेसातला पायरीवर उभी राहा गो," ती म्हणाली. "पाणी असेल."

दसरा म्हणजे दशमी. बाळाने घाईघाईने दोन्ही हात पुढे केले आणि दहा बोटं मोजून पाहिली. एकवीस दिवस माजघरात पाढे चालू असताना, पडवीत बसून, न बघता रातांबे फोडणाऱ्या बाईचं दमयंतीने सगळं पाहिलं होतं. फक्त हे पाहिलं नव्हतं.

"बरोबर आहे," बाळा म्हणाला. "आई, काकूचं बरोबर आहे."

पाणी वळलं होतं. होडी आपसूक समुद्राकडे निघाली.